चौधरी मास्तर आणि पळणारा गंधक

आमच्या डोणगावात चौधरी मास्तर वैशाखातील भर दुपारी दारे-खिडक्या लावून, श्वास रोखून बॅटरी बनवतात. याविषयी गावात तीन हकिकती प्रचलित आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. मास्तर दारू गाळत नाहीत. त्यांना सोने करायचे नाही. आणि त्यांच्या घरी स्फोट झालेला नाही; पडला तो पंखा होता. मी त्याच्याखालीच बसलो होतो.

मास्तर रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. लिथियम आणि गंधक यांची बॅटरी वजनाला फार हलकी होते, एवढे त्यांनी मला शिकवले आहे. अडचण आतल्या द्रावणाची. गंधक त्यात विरघळतो, पलीकडच्या लिथियमवर जाऊन बसतो आणि थोड्याच दिवसांत बॅटरीचा दम संपतो. मास्तरांना असे द्रावण हवे आहे, ज्यात गंधक जागचा हलणार नाही. लिथियमला दमट हवा चालत नाही, म्हणून वैशाख. आणि श्वासातही वाफ असते, म्हणून मौन.

"देशमुखा, तोंड बंद ठेव. तुह्या एका वाक्यात तांब्याभर पानी असते बे."

मी बोललो नव्हतो, खोकलो होतो. हे मास्तरांना आजतागायत मान्य नाही.

कुपीतले स्वच्छ द्रावण लालसर झाले, की ते चष्मा काढून म्हणतात, "पळाला बे गंधक." मग वहीत नवे प्रमाण लिहितात. सहा उन्हाळे मी तो लाल रंग पाहिला आहे.

गावाची चौथी हकिकत मात्र हीन आहे. म्हणे, मास्तरांनी म्हातारपणी लाज सोडली. संध्याकाळी बायकोला चिकटून चालतात. शांताबाईंची फुप्फुसे थकली आहेत. त्यांच्या नाकात प्राणवायूची नळी असते आणि तिचे दुसरे टोक मास्तरांच्या खांद्यावरील यंत्रात. बॅटरीसकट ते ओझे शांताबाईंना पेलत नाही. नळी दोन हात लांब आहे. नवऱ्याने याहून दूर चालावे तरी कसे?

परवा कुपी पुन्हा लाल झाली, तेव्हा मी चिडून विचारले, "मास्तर, वझं तर तुमीच वाहून राह्यले. मंग हल्क्या बॅटरीचा हट्ट काऊन?"

शांताबाई आतल्या खोलीत निजल्या होत्या. मास्तरांनी आवाज उतरवला.

"तिले उंद्रीले बहिणीकडं जायाचं असते. आज मी आहो. पण तिच्याहून अकरा वर्षांनं मोठा आहो बे. उद्या तिले एकटीनं जाता आलं पाह्यजे."

त्यांनी कपाटातून एक कापडी पिशवी काढून मला दाखवली. न झालेल्या बॅटरीसाठी त्यांनी ती स्वतःच्या हाताने शिवली होती. पट्टा शांताबाईंच्या मापाचा होता. मास्तरांच्या खांद्यावर तो चढलाच नसता.