वेताळ वसाहतीचा सातवा भाग

वरकुट्याच्या सार्वजनिक वाचनालयात वाचायची सोय नव्हती, असं कुणी म्हणू नये. सोय चोख होती. बाकडं होतं, पंखा होता, ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, आणि पुस्तकं कुलपात असल्यामुळे शांतता आपोआप राखली जात होती.

सन १९९६च्या उन्हाळ्यात ह्या वाचनालयाचे मानद ग्रंथपाल गंगाराम, एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक, भलत्याच पेचात सापडले. ‘वेताळ वसाहत’ ह्या कादंबरीमालिकेचा सातवा आणि शेवटचा भाग पुण्याहून पार्सलनं आला, आणि आल्या पावली कपाटात मोहोरबंद झाला. सदर मालिका अंधश्रद्धा पसरवते, अशी तक्रार होती. तक्रार निनावी होती, म्हणून ती अधिक गंभीर धरण्यात आली. नाव घालून तक्रार करणाऱ्याचा काहीतरी स्वार्थ असू शकतो, हे संस्थेला अनुभवानं ठाऊक होतं. आधीच्या सहा भागांचे गुणदोष तोलायला समिती नेमली गेली, आणि तिचा निवाडा होईतो कपाटाची किल्ली अध्यक्ष बापूसाहेबांच्या करगोट्याला लटकली.

इकडे रश्मीही लटकलेली होती, पाण्याच्या टाकीला, उलटी.

त्याचं असं. मालिका घडत होती बारामतीच्या एमआयडीसीत. दिवसा तिथं मोटारसायकलीवरून माणसं यायची, आणि दिवे लागले की भुतं. मुंजा वॉचमन होता. दूध भुकटीच्या मनोऱ्यात यक्षीण राहायची आणि महिन्यातून एकदा पांढरीफेक होऊन बाहेर पडायची. हडळी पास दाखवून एसटीनं ये-जा करायच्या. ह्या सगळ्यांचा मुकादम वेताळ. त्याला डेअरीतली केमिस्ट रश्मी खायची होती, म्हणून त्यानं तिला टाकीला टांगलं होतं. पण औद्योगिक क्षेत्रात माणूस खायचा तर परवाना लागतो, आणि परवान्याची फाईल होती एका कारकुनाच्या टेबलावर. हा कारकून कुणाच्या कपभर चहालाही शिवत नसे. सहाव्या भागाच्या शेवटच्या पानावर वेताळानं त्याच्यापुढे वाफाळता चहा ठेवला, कारकुनाचा हात ग्लासाकडे गेला, तेवढ्यात... पुस्तक संपलं.

गंगाराम काही आंधळे भक्त नव्हते. तिसऱ्या भागात समंधाच्या लग्नाचं वर्णन उगाच ताणलंय, एवढ्यात दोन खऱ्या मुलींची लग्नं झाली असती, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. दुसऱ्या भागात वेताळाचा डावा हात तुटतो आणि चौथ्यात तोच वेताळ तबला वाजवतो, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण मुंजा आणि यक्षिणीचं भांडण वाचताना ते बाकड्यावरून दोनदा पडले होते. त्यातून मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर आलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पट्टी बसली की पुढं बरेच दिवस अक्षर बघायचं नाही. तेवढे दिवस रश्मीला लटकत ठेवणं गंगारामांच्या जिवावर आलं.

समितीची बैठक भरली. अध्यक्ष बापूसाहेब, सभासद उसाचे बागाईतदार गेणबा, महिला प्रतिनिधी प्रयागबाई.

“गंगाराम, तुमी ही पुस्तकं वाचलीत?” बापूसाहेबांनी विचारलं.

“व्हय, साही.”

“मग तुमाला मत न्हाय. वाचलेला माणूस निःपक्षपाती ऱ्हात न्हाय. आमी तिघंबी कोरं हाय. तुमी निस्ती गोष्ट सांगा.”

गंगारामांनी गोष्ट सांगितली. समिती माना डोलावत होती. मुंजा वॉचमन म्हणताच प्रयागबाई म्हणाल्या, “असंल की. झोपत तर न्हाय!” वेताळ मुकादम, हे गेणबांनी एका झटक्यात मान्य केलं, त्यांच्या मते ते त्या मुकादमाला ओळखतही होते. हडळीचा पास मंजूर झाला. यक्षीण मंजूर झाली. मग कारकून आला, आणि गेणबा ताठ बसले.

“थांबा तात्या. चहाबी घेत न्हाय?”

“न्हाय.”

“आन फाईल?”

“त्याच दिवशी काढतो.”

“बाई बाई!” प्रयागबाईंनी पदर तोंडाला लावला. “पोरासोरांच्या हातात देऊ नका वो हे. खरं मानून बसतील, आन उद्या कचेरीत जातील तसंच!”

“हीच ती अंधश्रद्धा!” बापूसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. “ठराव: असा कारकून असतो ह्या भाबड्या समजुतीला सदर मालिका खतपाणी घालते. सबब, तसा इसम समक्ष हजर केल्याबिगर कपाट उघडणार न्हाय. मंजूर?”

“मंजूर!”

बैठक उठल्यावर गेणबांनी गंगारामांना हळूच सांगितलं, “इंदापूरला एका कचेरीत तसला एक हाय म्हणत्यात. मी त्येच्या वाटंला जात न्हाय. भ्या वाटतं.”

गंगाराम एसटीनं इंदापूर गाठते झाले. कचेरीत सगळ्या टेबलांपुढे गर्दी होती, आणि कोपऱ्यातल्या एका टेबलापुढे शुकशुकाट. तिथं संघपाल नावाचा तरुण कारकून बसला होता. गंगारामांनी उत्पन्नाचा दाखला मागितला. त्यानं कागद पाहिले, सही केली, शिक्का मारला, दाखला दिला.

“चहा सांगू का, साहेब?”

“नको तात्या. काम घेऊन आलेल्या माणसाचा मी घेत नाही.”

 गंगारामांनी हातातली पिशवी मुद्दाम खाली पाडली आणि ती उचलायच्या निमित्तानं टेबलाखाली वाकून कारकुनाचे पाय पाहिले. पाय सरळ होते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, गंगारामांच्या विनंतीवरून संघपाल स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःचं पेट्रोल जाळून वरकुट्यात आला. समितीनं त्याला बूट काढायला लावले. गेणबांनी चवडे तपासले, प्रयागबाईंनी टाचा. बापूसाहेबांनी त्याला उन्हात उभं करून सावली पडते का तेही पाहिलं. पडत होती.

“इसम खरा हाय,” बापूसाहेब जड आवाजात म्हणाले. “अंधश्रद्धेचा दोष रद्द.”

गंगारामांनी किल्लीसाठी बापूसाहेबांपुढे हात केला.

“थांबा. मालिका घेतली कोणत्या अनुदानातून? काल्पनिक वाङ्मयाच्या. आता त्यातला इसम तर हितं बिनबुटाचा हुबा हाय. म्हंजे पुस्तक काल्पनिक न्हाय! उद्या तपासणी आली तर मी काय सांगू? मालिका परत पाठवावी लागंल.”

“आता वो?” गंगारामांचा आवाज चिरका झाला.

“एकच वाट हाय. चहा आलाय. ह्यांनी तुमच्या हातचा घेतला, तर पुस्तकातला माणूस येगळा आन ह्यो येगळा. मग पुस्तक काल्पनिक.”

“पर मग अंधश्रद्धेचा दोष परत...”

“रद्द झालेला दोष परत उघडता येत न्हाय. नियम हाय.”

गंगारामांनी ग्लास उचलला आणि संघपालला भिंतीकडे नेलं.

“साहेब, एक घोट. उद्या डोळं कापायचं हाय.”

“तात्या, तुमचा दाखला मी दिलाय. तुमचा चहा कसा घेऊ?”

“अवो, रश्मी टाकीला लटकलीया!”

“कोण रश्मी?”

गंगारामांनी एका दमात सहा भाग सांगितले. समंधाचं लग्न तेवढं गाळलं. संघपाल ऐकता ऐकता भिंतीला टेकला.

“आणि तो कारकून? तो घेतो का चहा?”

“त्येच तर बघायचंय! तुमी घेतल्याबिगर कळायचं कसं?”

संघपालनं म्हाताऱ्याच्या धुरकट डोळ्यांकडे पाहिलं. ग्लासाकडे पाहिलं. कपाटाकडेही पाहिलं, कारण सहा भाग ऐकल्यावर त्याच्याही जिवाला चैन पडेना. मग त्यानं डोळे मिटले आणि एक घोट घेतला.

“मंजूर!” समिती गरजली. इतिवृत्तात नोंद झाली, की सदर इसम चहापूर्वी अस्तित्वात होता आणि चहानंतर नव्हता. दोन्ही ठराव एकमतानं.

गंगारामांनी सातवा भाग पंख्याखाली बसून एका बैठकीत संपवला. शेवटी पुस्तकातल्या कारकुनानं तो वाफाळता चहा वेताळाच्या पायावर ओतला, वेताळाचा धूर झाला, आणि रश्मी टाकीवरून थेट यक्षिणीच्या झोळीत पडली. गंगारामांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “ह्याला म्हणायचं माणूस!” ते रिकाम्या बाकड्याला म्हणाले. “असं दोन जरी निघालं, तरी तालुका सुधरंल!”

बाहेर संघपाल केव्हाच निघून गेला होता. बातमी मात्र मोटारसायकलीच्या आधी इंदापुरात पोचली. कचेरी उघडली तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलापुढे पहिल्यांदाच रांग लागलेली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात चहाचा ग्लास होता.

तुम्ही गंगारामांना नावं ठेवाल, ठेवा. पण तो पोरगा भिंतीला टेकून उभा होता, तेव्हा ‘घे की रे बाबा घोटभर’ असं मनात कोण म्हणालं? टाकीवरून रश्मी उतरते का, हे तुम्हालाही बघायचंच होतं की.