रोमन नगर, वॉर्ड क्रमांक चौदा

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातले आरेखक अत्यंत कर्तव्यदक्ष होते, हे आधीच नमूद केलेलं बरं. कार्यालयात काम नसे तेव्हाच ते संगणकावर खेळत, आणि कार्यालयात काम नसे. शहर वसवण्याच्या एका खेळात ते गेली सहा वर्षं प्राचीन रोमन नगर उभारत होते. डोंगरातून कमानींवरून येणारा कालवा, चौकाचौकांत कारंजी, सार्वजनिक स्नानगृह, धान्याची कोठारं. कालव्याचा उतार चुकू नये म्हणून त्यांनी तीनदा अख्खा डोंगर हलवला होता. बारा हजार रोमन नागरिकांपैकी एकही तहानलेला नव्हता.

आरेखकांच्या स्वतःच्या गल्लीत मात्र नळ होते, पाणी नव्हतं. एक दिवसाआड टँकर यायचा आणि त्यांची बायको दुखऱ्या गुडघ्याने तीन जिने बादल्या चढवायची. गल्लीच्या जलवाहिनीची फाइल आरेखकांच्याच कपाटात होती.

"अहो, तुमच्या त्या रोमन लोकांना विचारा," ती म्हणायची, "त्यांचा इंजिनिअर बदलीवर इकडे पाठवतात का."

"अगं, फाइल हलतेय," ते म्हणायचे. ती खरोखरच हलत होती. कपाटाचा एक पाय आखूड होता.

तिमाही आढावा बैठकीच्या दिवशी मुख्य अभियंत्यांचा संगणक ऐनवेळी बंद पडला. शिपायाने धावतपळत आरेखकांचा संगणक उचलून नेला आणि सभागृहातल्या पडद्याला जोडला. पडद्यावर रोमन नगर झळकलं. कमानींवरून पाणी खळाळत होतं, कारंजी उडत होती आणि कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: पाणीपुरवठा शंभर टक्के, नागरिकांचे समाधान चौऱ्याण्णव टक्के.

आयुक्तांनी चष्मा काढून पुसला. या विभागाकडून हिरवं काही पाहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"हा कुठला वॉर्ड?"

मुख्य अभियंत्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांना 'माहीत नाही' असं कधीही म्हटलं नव्हतं. निवृत्तीला सात महिने उरले असताना ते नवी सवय लावून घेणार नव्हते. सगळ्यात जास्त तक्रारी जिथून यायच्या, तो आकडा त्यांच्या जिभेवर कायम असायचा.

"चौदा, साहेब."

बैठक संपल्यावर आरेखक त्यांच्यामागे धावले. "साहेब, तो गेम आहे!"

"हे आधी सांगायचं. आता इतिवृत्तावर सही झालीय."

"पण चौदामध्ये मीच राहतो, साहेब. नळाला थेंब नाही."

"मग अभिनंदन. आजपासून आहे."

इतिवृत्त बदलता येत नाही, वॉर्ड बदलता येतो. वॉर्ड चौदा 'पूर्णतः पुरवठायुक्त' घोषित झाला, आणि पुरवठायुक्त वॉर्डात टँकर पाठवणं हा अपव्यय असल्याने तो दुसऱ्याच दिवशी बंद झाला.

मग स्थळपाहणी झाली. सात सदस्यांची समिती डोक्यावर हेल्मेट घालून आरेखकांच्या टेबलाभोवती बसली. अतिक्रमण विभागाने हरकत घेतली की नगरात एकही अतिक्रमण नाही, त्यामुळे माहिती संशयास्पद वाटते. आरेखकांनी कालव्याखाली चाळीस टपऱ्या टाकल्या. रस्ते विभागाला एकही रस्ता खोदलेला दिसेना. आरेखकांनी दोन खोदून दिले. समितीच्या अध्यक्षांनी सहज म्हणून सुचवलं की चौकातल्या सम्राटाच्या पुतळ्याचा चेहरा थोडा आयुक्तांच्या वळणावर गेला तर बरं. तोही गेला. त्या आठवड्यात आरेखकांना 'नगर प्रतिकृती अधिकारी' हे पद आणि स्वतंत्र खोली मिळाली. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण खोलीत एसी होता.

आता समाधानाचे उरलेले सहा टक्के तेवढे आणायचे होते. त्यासाठी चौदाच्या रहिवाशांकरिता एक ॲप निघालं. 'पाणी मिळाले' हे बटण दाबणाऱ्याला रोमन नगरात एक घर, आणि लवकर दाबणाऱ्याला कारंज्यासमोर.

बायकोने अर्ज लिहिला, 'टँकर पुन्हा सुरू करावा', आणि सह्यांसाठी गल्लीतली एकेचाळीस दारं ठोठावली.

"वहिनी, तुमचं अगदी बरोबर आहे," तळमजल्यावरचे शिक्षक म्हणाले. "पण मला स्नानगृहाला लागून घर मिळालंय. सही केली तर रद्द होईल हो."

"आणि तुमची स्वतःची आंघोळ?"

"होते की. टॉवेल ओला करून पुसायचं अंग."

समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तिला फोनवर आपलं रोमन नगरातलं अंगण दाखवलं. त्यात ते दोघं नवरा-बायको बसले होते, पायघोळ पांढऱ्या वस्त्रांत. त्यांच्या घशाला कोरड पडल्यामुळे त्यांना जास्त बोलवेना.

ती घरी आली तेव्हा कागदावर एकच सही होती, तिची. तिने तो नवऱ्यापुढे ठेवला. "तुम्ही तरी करा."

आरेखकांनी तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. त्यांना गलबलून आलं. त्यांनी पेन काढलं आणि रहिवासी म्हणून ठसठशीत सही केली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत नवरा आपल्या बाजूने उभा राहिला असं तिला पहिल्यांदा वाटलं, आणि ती रडली.

चौथ्या दिवशी तो अर्ज आवक क्रमांक पडून रीतसर नगर प्रतिकृती अधिकाऱ्यांच्या टेबलावर आला. अशा तक्रारी निकाली काढण्याचे अधिकार त्यांनाच होते. त्यांनी पडद्यावर तपासलं. कारंजी चालू होती. 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असा शेरा लिहून त्यांनी खाली सही केली, तितकीच ठसठशीत.

निकालाची प्रत टपालाने घरी आली. बायकोने ती दोनदा वाचली, नवऱ्याच्या दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. दोन रिकाम्या बादल्या उचलून ती लंगडत शेजारच्या वॉर्डाकडे निघाली.

या माणसाला काय नावं ठेवायची ती खुशाल ठेवा. फक्त त्याआधी जरा आपला फोन काढा आणि गेल्या खेपेला कुठल्याशा कार्यालयाच्या 'सेवा समाधानकारक' या बटणावर कुणाचं बोट पडलं होतं ते बघा. त्या बदल्यात तुम्हाला तर घरसुद्धा मिळालेलं नाही.