वाटेवरचा लवू

"अरे, आमी थंय रवाक जातंव काय? वाटेत विमान बदलूचा नि फुडे जावचा. तेका व्हिसा कित्याक?" मधुकाकांनी पुतण्याला तिसऱ्यांदा विचारलं.

"काका, तिकिटां दोन वेगळी आसत. सामान भायर काढून परत द्यावचा लागतला. म्हणजे त्यांच्या देशात शिरलात. ट्रान्झिट व्हिसा होयोच," विश्वेश म्हणाला. कुडाळात त्याचं तिकिटांचं दुकान होतं आणि ही स्वस्त तिकिटं त्यानेच काढली होती.

सामान सोडून जायचा प्रश्नच नव्हता. कॅनडात लेकीचं, श्रियाचं, बाळंतपण होतं. सरलाकाकूंनी डिंकाचे लाडू, कुळथाचं पीठ, सोलं असं सगळं बॅगेत कोंबलं होतं. "एकवेळ तुमका ठेवीन, बॅग नाय," असं त्यांनी नवऱ्याला बजावलं.

काकूंचा अर्ज विश्वेशने चहा निवायच्या आत भरून टाकला. मधुकाकांनी मात्र आपला अर्ज स्वतः भरायला घेतला. शाळेच्या ग्रंथालयात हयात गेलेली. प्रश्न समोर आला की खरं आणि सविस्तर उत्तर द्यायचं, ही खोड. 'या देशात कोणी नातेवाईक?' होता. काकूंचा मावसभाऊ लवू, विमानतळाला अगदी लागून. 'त्यांना भेटण्याचा विचार आहे का?'

काकांचं बोट अडलं. तारकर्लीहून मालवणच्या बाजारात जातानासुद्धा वाटेतल्या घरात डोकावलं नाही, तर माणसं वर्षभर बोलत नाहीत. मग लवूच्या दारावरून पाणीही न पिता जायचं? बऱ्याच खाडाखोडीनंतर त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'विचार नाही. परंतु तो मनाला लावून घेईल, सबब उभ्या उभ्या डोकावणे भाग आहे. जेवणाचा आग्रह झाल्यास नाइलाज होईल.'

काकूंचा व्हिसा आला. काकांना कळवण्यात आलं, की आपण केवळ पुढे जाण्यासाठी येत आहात, अशी आमची खात्री पटली नाही.

"जेवणाचा लिवूक कोणी सांगल्यान तुमका?" काकू कडाडल्या.

"खरा ताच लिवलंय."

"ता काय देवळातला गाऱ्हाणा होता, खरा सांगूक?"

"परत अर्ज करूया," विश्वेश म्हणाला. "पण विमान तवसर थांबाचा नाय. नि श्रियाचा पोर तर अजिबातच नाय."

ओरोसच्या जिल्हा कचेरीपलीकडे कधी एकट्या न गेलेल्या काकू मग बॅगेसकट एकट्याच निघाल्या. त्या वाटेत हरवणार, याबद्दल काकांना शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी ते फोन समोर ठेवून बसले. तो वाजला, तेव्हा काकूंच्या मागे कुणाचंतरी स्वयंपाकघर दिसलं.

"गो, खंय आसस तू?"

"लवूकडे! फुडच्या विमानाक येळ आसा. तो न्हेवक इल्लो. व्हिसा आसा म्हटल्यार कोण अडवता? कोंबडी-वडे जेवलंय. थांबा, तो बोलता."

काका सावरून बसले.

"भावोजी, ह्या काय बरा केलात नाय," पलीकडून लवू म्हणाला. "माझ्या घराक येवचा लागात, म्हणान घराकडसून निघूकच नाय तुमी?"

"तसा नाय रे! उलट तुझ्यापायीच माझो व्हिसा..."

"रवांदे. ताईक मिळता नि तुमका मिळना नाय?"

लवूने मनाला लावून घेतलं होतं. काकांचा चेहरा पडला. "चुकला माझा," ते घाईघाईने म्हणाले. "आता नातवाक बघूक जाताना तुझ्याकडे नक्की येतलंय. चांगलो चार दिवस रवतलंय!"

शेजारी काकांचा नवा अर्ज भरत बसलेल्या विश्वेशने हे ऐकलं आणि लॅपटॉप त्यांच्या हाताला लागणार नाही इतका लांब सरकवला.