पसंतीआधी पाणी नाही

घर पाहावं तर उकंडामामानं! हे मी नाही म्हणत, अख्खा उमरखेड तालुका म्हणते. तालुका कधी विसरला तर मी फक्त आठवण करून देतो. आजवर नात्यातल्या अन् गल्लीतल्या एकोणतीस पोरींसाठी मी नवरदेवाकडचं घर पाहायले गेलतो. विहिरीत वाकून पाह्यलं, धान्याच्या कोठीवर थाप मारून पाह्यली, शेजारणीशी गोड बोलून सासूचा स्वभाव काढून घेतला. एकोणतीसपैकी सत्तावीस संसार झकास चालू आहेत. उरलेल्या दोनमध्ये माझी काही चूक नाही. तिथं मी शिरा खाल्लता.

हे शिऱ्याचं प्रकरण तुम्ही नीट समजून घ्या. माणूस घर पाहायले जाते, समोरचे बशी आणतात, आपण खातो. मग ते म्हणतात, अजून थोडा घ्या. आपण घेतो. एवढं तूप पोटात गेल्यावर 'तुमच्या घरी पोरगी देत नाही' म्हणायले जीभ वळत नाही हो. दोनदा फसलो अन् कानाले खडा लावला. तेव्हापासून आपला नियम पक्का: पसंती होईस्तोवर त्या घरचा घास नाही, घोट नाही. पाणी सुद्धा नाही.

तर मागच्या वर्षी माझी भाची अपेक्षा बारावी झाली. एक्याण्णव टक्के! आमच्या खानदानात एवढे टक्के तिघा जणांचे मिळूनही झाले नव्हते. तिले सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं होतं, अन् ते होतं यवतमाळच्या बाहेर एका विद्यापीठात. नाव सांगत नाही, पोरगी अजून तिथंच शिकून राह्यली.

पण तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण कौसल्या, अडून बसली. "उमरखेडहून जायले तीन तास, यायले तीन तास. रोज एसटीनं जमत नाही. अन् अनोळखी ठिकाणी भाड्याच्या खोलीत मी पोरीले ठेवत नाही. होस्टेल मिळालं अन् मले पसंत पडलं तर जाईल. नाही तर इथंच बी.ए. करन."

आमचे जवाई, म्हणजे कौसल्याचे मालक धम्मरत्न, शिंपीकाम करतात. ते आधी बायकोकडं पाहून मान हलवत, मग पोरीकडं पाहून मान हलवत. त्यामुळं सगळा भार माझ्यावर आला. अपेक्षा डोळे पुसत म्हणाली, "मामा, विद्यापीठाचा भेट दिवस आहे. पालकांनी यावं, परिसर पाहावा, प्रश्न विचारावे, असं लिहिलं आहे. तुम्ही आईले घेऊन चला ना."

मी पत्रक वाचलं अन् मांडीवर थाप मारली. "अवं, हे तर घर पाहायले बोलावलं! तिसावं घर समज. तू बिनघोर राह्य."

जूनचा महिना होता. कय्युमची जुनी जीप ठरवली. कय्युम आमच्या शेजारचा, गाडीही त्याची अन् ड्रायव्हरही तोच. निघताना मी सगळ्यांले नियम सांगितला. तिथला घास नाही, घोट नाही, कौसल्यानं 'पसंत' म्हटल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. सोबत भाकरी, ठेचा अन् पाण्याची वीस लिटरची कॅन घेतली. भाकरी महागाव येईस्तोवर संपली. आर्णीजवळ गाडीतून वाफ निघाली, अन् आम्ही उतरून झाडाखाली उभे राहीस्तोवर कय्युमनं सगळी कॅन रेडिएटरमध्ये ओतली.

"अरे, प्यायचं पाणी होतं ते!"

"उकंडाभाऊ, गाडी को प्यास लगी थी. तुमको तो उधर पानी मिलेंगाच ना."

त्याले काय माहीत, आमाले तिथं पाणी मिळूनही चालणार नव्हतं.

विद्यापीठात पोचलो तर फाटकावर कमान, गळ्यात बिल्ले घातलेल्या पोरी, अन् पहिल्याच टेबलावर झणझणीत रश्श्याचे तर्री-पोहे. वास असा की माझा पाय आपोआप तिकडं वळला. कौसल्यानं मागून शर्ट ओढला. "भाऊ, नियम तुमचाच आहे." मी गिळली ती फक्त लाळ.

होस्टेलच्या टेबलावर साधना मॅडम म्हणून वॉर्डन होत्या. त्यांनी यादीवर बोट फिरवलं. "अपेक्षा प्रतीक्षा यादीत आहे. एकोणचाळिसावी. जुन्या वसतिगृहात जागा संपल्या."

अपेक्षाचं तोंड एवढंसं झालं. मी विचारलं, "अन् ते पलीकडं तीन मजली पिवळं दिसून राह्यलं, ते काय आहे?"

"ते नवीन वसतिगृह. तयार आहे, पण उद्घाटन व्हायचंय. मोठ्या पाहुण्यांची तारीख मिळत नाहीये."

"कधीपासून?"

मॅडम खाली पाहून म्हणाल्या, "आठ महिने झाले."

आता घर पाहायले आलेला माणूस कुलूप पाहून परत जाते का? कौसल्या म्हणाली, "आम्ही ती खोली पाहूनच जाऊ." अन् सरळ जाऊन नव्या होस्टेलच्या पायरीवर बसली. तिच्या बाजूले आम्ही तिघं. ऊन असं तापलं होतं की अख्ख्या आवारात बसण्यासारखी सावली तेवढीच होती.

थोड्या वेळानं बिल्लेवाली एक पोरगी पाणी घेऊन आली. कौसल्या म्हणाली, "नको." चहा आला. "नको." पोहे आले, वर तर्री, वर शेव. मी डोळे मिटले अन् म्हटलं, "नको." जवाई बशीकडं पाहून मान हलवायले लागले, कौसल्याकडं पाहून थांबले. पोरगी घाबरून म्हणाली, "काका, काहीतरी घ्या ना. सकाळपासून काहीच नाही घेतलं का?"

मी म्हटलं, "खोली पाहिल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही."

ती पोरगी पळतच गेली. मी जवाईले म्हटलं, "पाहा, कशी अदब आहे इथं." मले वाटलं आमचा मान ठेवायलेच पळाली.

अर्ध्या तासानं एक जोडपं येऊन आमच्या खालच्या पायरीवर बसलं. त्यांची पोरगी यादीत बाविसावी होती. मग वणीकडचे एक मास्तर आले, मग पांढरकवड्याच्या मैनाबाई आल्या, नातीसाठी. येणारा प्रत्येक जण बसता बसता हातातली पोह्याची बशी बाजूले ठेवत होता. मले मोठं नवल वाटलं. म्हटलं, आपला नियम इकडंही पाळतात! कोणीतरी सतरंजी आणून टाकली. बारा वाजेस्तोवर आम्ही तीस-बत्तीस जण झालो.

मास्तर माझ्याजवळ सरकले अन् हात दाबून म्हणाले, "भाऊ, तुमची हिंमत मानली. डायरेक्ट अन्नत्याग!"

"काय त्याग?"

तेवढ्यात एक पेपरवाला मोबाईल समोर धरून आला. "उपोषणाचं नेतृत्व कोण करून राह्यलं?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

घर पाहायले आलेला माणूस मी, अन् हे मले उपोषणाले बसवून मोकळे झाले! मी उठून खरं सांगणारच होतो, तर अपेक्षानं माझा हात घट्ट धरला. हळूच म्हणाली, "मामा, सांगू नका. पाया पडते. एकोणचाळिसावा नंबर आहे माझा. तुम्ही उठले की मी बी.ए.ले जाणार."

तिच्याकडं पाह्यलं अन् मी खाली बसलो. ओठ कोरडे पडले होते तिचे. घोटभर पाणी तिनंही घेतलं नव्हतं. मग अपेक्षानंच विद्यापीठाचं पत्रक उलटं केलं अन् पेननं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'उद्घाटन नको, खोली द्या.' मैनाबाईनं ते डोक्यावर धरलं. पेपरवाल्यानं फोटो काढला. मी केस सारखे केले.

दोन वाजता कुलसचिव साहेब स्वतः आले. मागं दोन शिपाई, त्यांच्या हातात लिंबाच्या सरबताचा जार. बर्फ आतून खळखळ वाजून राह्यला होता. साहेबांनी कौसल्यासमोर हात जोडले. "ताई, आपण आधी सरबत घ्या. मग चर्चा करू."

आता तुम्हाले सांगतो, त्या पूर्ण गर्दीत उपोषणाचा पत्ता नसलेली एकटी कौसल्या होती. पेपरवाला आला तेव्हाही ती खिडकीतून आत डोकावून राह्यली होती; तिचं आपलं घर पाहणंच चालू होतं. ती शांतपणे म्हणाली, "आधी खोली. मग सरबत."

"ताई, समिती नेमतो. पंधरा दिवसांत अहवाल येईल."

"समिती कायले? मी आलीच आहे ना. मी पाहते."

सतरंजीवर टाळ्या पडल्या. साहेबांनी घाम पुसला. "पण उद्घाटन नाही झालं हो. फीत बांधलेली आहे."

इथं मले राहवलं नाही. मी उभा राह्यलो. "साहेब, मांडव पडला, नवरी तयार, वऱ्हाड दारात बसून आहे. अन् तुम्ही म्हणता एक पाहुणा यायचा आहे म्हणून लग्न थांबवा? एवढ्या पोरी घरी बसतील. त्यांचं वर्ष गेलं तर तो पाहुणा परत आणून देईल का?"

हे वाक्य दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं. कात्रण माझ्या खिशात असते, कधीही मागा.

साहेबांनी पेपरवाल्याकडं पाह्यलं, मग जारमधल्या बर्फाकडं, मग खिशात हात घातला. किल्ली त्यांच्याच खिशात होती! कुलूप उघडलं. दारावर लाल फीत होती. कात्री शोधायले शिपाई धावला, पण कौसल्यानं वाटच पाह्यली नाही. "चांगली फीत आहे, कापता कायले?" म्हणत तिनं ती वर उचलली अन् खालून वाकून आत गेली. तिच्यामागून आम्ही सगळे वाकून गेलो, कुलसचिव साहेब धरून. असं झालं त्या इमारतीचं उद्घाटन.

मग माझ्या बहिणीनं जे घर पाह्यलं, ते मी एकोणतीस घरांत पाह्यलं नव्हतं. नळ सोडला, आधी खोकला, मग पाणी आलं. न्हाणीघराची कडी आतून लावून पाह्यली अन् बाहेरून धक्का मारायले मले सांगितलं. एक कडी निघून हातात आली. ती तिनं साहेबांच्या हातात ठेवली. खिडकीतून कोणता रस्ता दिसते, त्यावर दिवा आहे का, विचारलं. दिवा नव्हता. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. शेवटी ती साधना मॅडमसमोर उभी राह्यली.

"मध्यरात्री पोरीले ताप आला तर उठते कोण?"

"मी."

"तुम्ही झोपता कुठं?"

"इथंच, खालच्या खोलीत. दार लावत नाही मी."

कौसल्यानं मॅडमकडं बराच वेळ पाह्यलं. मग पलंगावर बसून तिनं गादीवरून हात फिरवला. लेक इथं झोपणार, हे तिले तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं असावं. डोळे भरून आले तिचे. माझेही आले, पण मी म्हटलं भुकेनं आले.

"पसंत आहे," ती म्हणाली. "आणा सरबत."

ती पहिला घोट प्याली अन् जिन्यापासून फाटकापर्यंत टाळ्या वाजल्या. कोणी फटाका फोडला. अपेक्षा आईच्या गळ्यात पडली. कौसल्या घाबरून मले म्हणाली, "भाऊ, मी सरबत प्याली तर हे लोक टाळ्या काहून वाजवून राह्यले?"

मी म्हटलं, "इकडची रीत आहे."

प्रतीक्षा यादीतल्या एकूण एक पोरींले त्याच दिवशी खोली मिळाली. जवाईंनी चार बशा पोहे खाल्ले अन् पहिल्यांदाच कोणाकडं न पाहता मान हलवली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली माझं नाव, नावाआधी 'ज्येष्ठ उपोषणकर्ते'. उमरखेडच्या बसस्टँडवर माझा सत्कार झाला. वर्षभर मी ताठ मानेनं हिंडलो.

यंदा कय्युमची पोरगी कशफ बारावी झाली. तिलेही तिथंच जायचं होतं. कय्युम म्हणाला, "उकंडाभाऊ, अपनी कशफ का घर भी तुमच देखो." मले दुसरं काय पाहिजे होतं? भेट दिवसाले गेलो. बापलेकीले सांगितलं, तुम्ही बिनधास्त फिरा, इथलं मी पाहतो. अन् होस्टेलसमोर ऐटीत बसलो.

अकरा वाजले. बारा वाजले. पाणी घेऊन कोणी येईना, चहा येईना. दीड वाजता पोटात कावळे ओरडायले लागले. शेवटी मीच एका बिल्लेवालीले थांबवलं. "बाई, यंदा पोहे नाहीत का?"

"नाही काका. पाहुण्यांना खायला-प्यायला देणं साहेबांनी बंद केलंय. कोणी नको म्हटलं की त्यांचं बीपी वाढतं."

आता तुम्हीच सांगा, कोणी 'घ्या' म्हणतच नसेल तर माणसानं 'नको' म्हणायचं कोणाले? तरी तीन वाजेपर्यंत बसून राह्यलो. तेवढ्यात समोरून कशफ अन् अपेक्षा हसत हसत आल्या. कशफच्या हातात खोलीचं पत्र होतं. सकाळी सव्वादहालेच मिळालं होतं. अपेक्षानं तिचा अर्ज खिडकीत नेऊन दिलता, दहा मिनिटांचं काम.

"मामू, तुम्ही सकाळपासून इथंच बसून आहे?" कशफनं विचारलं. "आम्ही सगळे पैसे भरून मेसमध्ये जेवलो. अब्बांनी तर दोनदा भात घेतला. तुम्हालेही बोलावणार होतो, तर अपेक्षादीदी म्हणाली, मामा पसंती होईस्तोवर काही खात नाहीत."