खळ्यावरचे होले

रविवारी सकाळी गोरक्ष आपल्या खळ्याकडे निघाला आणि वाटेतच थबकला. तरवडाच्या झुडपाआड खाकी चड्डीतला एक माणूस पालथा पडला होता आणि डोळ्याला दुर्बीण लावून नेमका पेवाच्या जागेकडे बघत होता.

लढाईचे दिवस. सरकारची माणसं पारनेरच्या गावागावांतून सक्तीच्या लेव्हीची ज्वारी उचलून नेत होती. गोरक्षच्या बायकोने, साळूबाईने, घरच्या पोटापुरती ज्वारी खळ्याच्या कोपऱ्यात, जमिनीतल्या पेवात दडवली होती आणि वरून शेणाने सारवून टाकलं होतं. ते सापडलं तर वर्षाचं खाणं जाणार, वर नवऱ्याला बेड्या.

"राम राम सायेब! काय बघताय?" गोरक्षने जवळ जाऊन विचारलं.

"शू! हलू नका. ते दोन होले बघा. दोघांच्या मानेवर काळी पट्टी, रंगही एकच. पण जाती दोन असाव्यात! आज छडा लावल्याशिवाय मी उठणार नाही. मी सुमंत मास्तर, नगरचा."

"व्हय व्हय, असाल की," गोरक्ष म्हणाला. होल्यांसाठी नगरहून कुणी येतं होय? ते तर पारव्यांसारखे घरोघरी घुमतात!

"रोज इथंच उतरतात का हो?"

"छ्या! आजच."

तेवढ्यात साळूबाईने गोफण फिरवली. होले भुर्रकन उडाले, एक गिरकी मारून पुन्हा तिथंच बसले. मेल्यांना दुसरी जागाच दिसेना.

"पाहिलंत?" मास्तर हरखले. "या जागेतच काहीतरी आहे!"

मास्तरांनी पिशवीतून काळा कॅमेरा काढला, रांगत रांगत पुढे गेले आणि गुडघे टेकले ते थेट पेवाच्या तोंडावर.

"फोटू कुठं जानार, सायेब?"

"मुंबईला. मागं गावाचं नाव, जागा, सगळं लिहून. खरं काय ते तिथले जाणकार ठरवतील."

साळूबाईने नवऱ्याला बाजूला ओढलं. "आवो, बघत काय बसलाय? त्याचं तोंड बंद करा!"

"कसं?"

"समदे करत्यात तसं!"

गोरक्षने घरातून पायलीभर ज्वारी आणून मास्तरांच्या पुढ्यात ठेवली. "घरची हाय सायेब. पन फोटूत खळं नगं."

रेशनचं किडकं धान्य खाऊन मास्तर महिनोन् महिने कावले होते. "अहो, कशाला, कशाला," म्हणत त्यांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. "खळं कशाला येईल? नुसते होलेच येतील."

ते गेले तसं नवराबायकोने खळ्यावरचा दाणा न् दाणा झाडून काढला. पाखरू म्हणून फिरकेना. इडापिडा टळली म्हणत गोरक्ष आठवडाभर सुखाने झोपला.

पुढच्या रविवारी बांधावरून पाच जण येताना दिसले. पुढे मास्तर.

"हे आमचे हेडमास्तर, आणि हे बाकीचे शिक्षक. मागच्या खेपेची हकिगत ऐकली आणि सगळ्यांना पक्ष्यांची भारी गोडी लागली!" मास्तरांनी दुर्बीण लावली. "अरेच्चा! आज होले कुठं गेले?"

"न्हाईत!" साळूबाई ठसक्यात म्हणाली. "येकबी न्हाई. जावा माघारी."

मास्तरांचा चेहरा पडला. हेडमास्तर मात्र बाभळीखाली ऐसपैस बसले आणि काखेतली रिकामी पिशवी झटकून म्हणाले, "असू द्या हो, पक्षी नसले तरी चालेल."

बाकीच्यांनीही पिशव्या झटकल्या. पिशव्या मोजून गोरक्ष पेवाकडे वळला.

साळूबाईने कपाळावर हात मारला. "ह्यांच्यापरीस लेव्हीवाला बरा, बाई! त्यो वर्साला येकदाच येतो!"