कोपरा कापलेलं कार्ड

लीलाधरशेठ चौधरींच्या पंपाच्या दुकानात काँप्युटर आला तेव्हा जळगावच्या बाजारात त्याची बरीच चर्चा झाली. शेठ मात्र लवकरच वैतागले. बिलं तो फटाफट काढायचा, शिल्लक माल सांगायचा. पण कोणाची मोटार कोणत्या विहिरीवर आहे, कोणाची यंदाच्या उन्हाळ्यात जळणार, यातलं त्याला ढिम्म कळत नव्हतं. हे सगळं ज्याला तोंडपाठ होतं तो धाकटा भाऊ झुलाल दुकान सोडून असोद्याला केळी लावून बसला होता.

सोडायचं कारण म्हणजे शेठची जीभ. कंपनीचे साहेब आलेले, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, आणि हे बोलून बसले, "याला काय विचारता साहेब, पाना धरण्यापलीकडे अक्कल नाही याला." झुलालने हातातला पाना काउंटरवर ठेवला आणि तो निघून गेला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. शेठना रोज वाईट वाटायचं. असोदा काही विलायतेत नाही, मोटारसायकलला किक मारली की पोचलं. पण जाऊन 'चुकलो' म्हणायचं तर शेठचे पाय दुकानाची पायरी उतरत नसत. आता अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

भाऊ नाही तर नाही, त्याची आठवण तरी काँप्युटरात भरू, असं शेठनी ठरवलं. प्रोग्राम पुण्याच्या कंपनीचा. ते म्हणाले, आम्ही फक्त हिशेबाचं बघतो, असली जोडकामं बाहेरच्या माणसाकडून करून घ्या. म्हणून मग धुळ्याचा शकील आला. तिथे त्याचे काँप्युटरचे क्लास होते, पोरगा हुशार आणि बोलायला गोड. त्याने हिशेबाच्या प्रोग्रामला असा एक भाग जोडायचं ठरवलं, की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोटारीची तपासणी जवळ आली की त्याच्या नावाचं पोस्टकार्ड आपोआप छापून निघेल.

शकील समजावून सांगायचा आणि शेठना एक अक्षर कळायचं नाही. पण स्वतःच्या दुकानात बसून 'मला कळलं नाही' कोण म्हणणार? शेठ आपले मान हलवायचे. मराठी अक्षर या प्रिंटरवर येत नाही, मजकूर इंग्रजीत छापू? चालेल. मग दुकानाचा मराठी शिक्का तेवढा वर मारू? चालेल. यादीत झुलाल चौधरी, असोदा असं नाव आहे, घरातलंच दिसतंय, काढून टाकू? इथे मात्र शेठ जरा थांबले. "राहू दे," म्हणाले. निदान कार्ड तरी जाईल भावाकडे, असं त्यांच्या मनात आलं.

शेवटी शकीलने धुळ्याहून फोन केला. "शेठ, कार्डं प्रिंटरात उलटी जातात हो. प्रत्येकाचा एक कोपरा कापून ठेवतो, म्हणजे सुलटी बाजू लगेच कळेल. चालेल ना?"

"चालेल, चालेल. काप," शेठ म्हणाले. समोर एक गिऱ्हाईक घासाघीस करत होतं, शेठचं सगळं लक्ष तिकडे.

शकीलवर ढकलू नका, त्याने विचारलं होतं. त्याच्या घरात ती रीत नव्हती. शेठच्या घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या होती. मयताचं कार्ड पाठवायचं तर कोपरा फाडून. असलं कार्ड कोणी उंबऱ्याच्या आत नेत नाही, आणि कोपरा दिसला की पुढचं वाचत बसत नाही. त्यातून मजकूर इंग्रजी. लोकांना एवढंच दिसलं की कोपरा नाही, आणि वर शिक्का आहे लीलाधर चौधरींचा. म्हणजे गेले ते शेठच.

पहिला आला पिंप्राळ्याचा उखर्डू. डोक्याला उपरणं गुंडाळून पायरीवर गप्प बसला. शेठनी आतूनच विचारलं, कोण गेलं रे? उखर्डूने वळून पाहिलं आणि त्याची बोबडीच वळली. मग वरणगावहून जीप भरून माणसं आली. झुंबरबाई तर रस्त्यापासूनच गळा काढत आल्या, आणि शेठ दिसल्यावर एकदम थांबता येईना म्हणून आणखी थोडं रडल्या. समोरचा भिकन, शेठचा जन्माचा वैरी, त्याने गर्दी पाहून मान राखायला शटर खाली ओढलं होतं. खरं कळल्यावर ते परत उघडायची त्याला लाज वाटली, आणि ऐन हंगामातला दिवस त्याचा फुकट गेला. शेठ एकेकाला समजावून चहा पाजत होते, आणि ज्याला त्याला वाटत होतं की आपली येष्टी उगाच बुडाली.

आणि मग गर्दी बाजूला झाली. पायरीवर झुलाल उभा होता. डोक्याचा गोटा. ज्या मिशांना तो कोणाला हात लावू देत नसे, त्या मिशाही गेलेल्या. थोरल्या भावाचं सुतक म्हणून गावच्या न्हाव्याकडे बसून सगळं उतरवून आला होता.

शेठ उठले. हीच वेळ होती. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागे घ्यायचं, तेही एका शब्दात. शब्द जिभेवर आलासुद्धा. पण वरणगावची मंडळी बघत होती, उखर्डू बघत होता, शटरच्या फटीतून भिकन बघत होता.

"चहा घेतो का?" शेठ म्हणाले.

झुलालने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, पायांपासून डोक्यापर्यंत. मग उपरण्याने डोळे पुसले.

"येष्टीत बसल्या बसल्या मी तुले बठ्ठं माफ करून टाकलं व्हतं, भाऊ," तो म्हणाला. "मेलेल्या मानसाचं काय मनात धरून ठेवाचं म्हनून."

"मग?"

"मंग काय. तू तं जित्ता निंघाला."

एवढं बोलून तो पायऱ्या उतरला आणि स्टँडच्या रस्त्याला लागला. उन्हात त्याचं गोटा केलेलं डोकं बराच वेळ दिसत राहिलं. शेठ काउंटरला धरून उभे होते. आपण जिवंत आहोत याचं एवढं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.