म्याटर पेंडिंग हाय

माणिकतात्या रोज पहाटे म्हशीपुढं हायकोर्ट चालवत. धार काढायच्या आधी टोपी नीट करायची, कडब्याची पेंढी टाकायची आणि खर्जात सुरू करायचं, "मायलॉर्ड, आमचं म्हननं येवढंच हाय..." पाटोद्याजवळच्या त्या गावात मी शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा माझी खोली त्यांच्या गोठ्याला लागून होती. पहिल्या सकाळी मला वाटलं, शेजारी कुणी मोठा पाहुणा आलाय.

मधेच ते न्यायमूर्तींच्या बाजूनंही बोलत. "कावून? पुरावा काय हाय?" असं स्वतःलाच दरडावत. उत्तर सुचलं नाही, की पुढची तारीख देऊन धारेला बसत.

कोर्टाची भाषा त्यांच्या बोलण्यात पार मुरली होती. पावसाचं विचारलं, तर "पेंडिंग हाय." पुतण्याची सोयरीक जमली तेव्हा म्हणाले, "अ‍ॅडमिट झालंय गुरुजी. फायनल हेअरिंग राह्यलंय."

भांडण गावच्या दूध संस्थेशी होतं. दुष्काळात तात्यांची जनावरं चारा छावणीला गेली आणि घरचं दूध संस्थेत जायचं थांबलं. दूध न घालणाऱ्यांची नावं संस्थेनं सभासदांतून कमी केली. पाऊस झाल्यावर बाकीच्यांनी नव्यानं अर्ज करून नावं लावून घेतली. तात्या कोर्टात गेले. प्रकरण चढत चढत औरंगाबादला हायकोर्टात पोचलं आणि युक्तिवादासाठी थांबलं ते थांबलंच.

यायची गरज नाही, असं वकील सांगत. तरी कोर्टाच्या बोर्डावर नंबर लागला, की तात्या इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या एस्टीनं जात. नंबर यायच्या आत कोर्ट उठे. संध्याकाळी परतल्यावर म्हणत, "आज लई जवळ आलतं."

एकदा संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव घरी आले. दोघं एका वर्गातले. मीही तिथंच बसलो होतो.

"तात्या, कावून खेटे घालतो? केस काढून घी. तुझं नाव उद्याच लावतो."

"माझं नाव कवा कमी केलतं? तुझ्या वैनीचं केलतं."

तेव्हा मला कळलं. सभासद त्यांची बायको होती. म्हशी तिच्या, सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन संस्थेत जाणं तिचं. केसही तिच्याच नावानं. मी गावात यायच्या आधीच ती वारली आणि वारस म्हणून तात्या उभे राहिले.

विठ्ठलराव खाली बघत म्हणाले, "वैनी आता न्हाई. गेलेल्या मानसाचं नाव कसं लावू?"

"जित्तेपनी कमी केलतं. ते चुकलं, येवढं लिवून दे."

विठ्ठलराव चहा न घेताच उठले.

पुढच्या उन्हाळी सुट्टीच्या तोंडाशी मी तात्यांबरोबर औरंगाबादला गेलो आणि त्या दिवशी नंबर आला. वकील उभे राहिले. सगळं इंग्रजीत. तात्या मागच्या बाकावर हात जोडून बसले होते. मी अर्थ सांगायला वाकलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं. वकिलांच्या बोलण्यात थोड्या थोड्या वेळानं "शेवंताबाई" येई, आणि दर वेळी तात्यांची मान किंचित हले. काहीतरी विचारताना न्यायमूर्तींनीही ते नाव घेतलं. निकाल राखून ठेवला गेला. पुढं तो शेवंताबाईंच्या बाजूनं लागला.

पण त्या दुपारी आम्हाला ते ठाऊक नव्हतं. कोर्टाबाहेर लिंबाच्या सावलीत बसलो होतो. "आपलं म्हणणं चांगलं मांडलं वकिलांनी," मी म्हणालो.

 तात्या म्हणाले, "गुरुजी, जल्मभर मी तिला 'आगं' म्हनूनच हाक मारली. गावात बी ती माणिकची बायकू. आज त्या जज सायबानी किती नीट नाव घेतलं तिचं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शेवंता," ते हळूच म्हणाले. थोडं थांबून, जमतंय का ते बघावं तसं, पुन्हा एकदा म्हणाले.